कोरडी गोधडी

दिवाळी अंकाचे संपादक घरी आले. चहा घेतला, चिवडा खाल्ला आणि म्हणाले, ‘बाई, नोकरीतला एखादा अनुभव लिहून द्या. फक्त सणाचे दिवस आहेत, तेव्हा जरा प्रसन्न असं काहीतरी.’ मी म्हटलं, ‘अहो, मी नर्स होते, गजरे विकत नव्हते.’ ते हसले. त्यांना वाटलं, म्हातारी विनोदी आहे, झकास लिहील.

तर आधीच सांगते. ही गोष्ट मुताची आहे. फराळाची बशी पुढ्यात असेल तर ती संपवून मग वाचा. आयुष्यभर ज्याची भांडी उचलली त्याला म्हातारपणी सोज्ज्वळ नाव कशाला देऊ?

मी चिंचवडच्या दवाखान्यात लागले तेव्हा पन्नास साल उलटून काही वर्षं झाली होती. चिंचवड म्हणजे पवनेकाठचं गावठाण, देवळाभोवतीची घरं आणि पलीकडे शेतं. तिकडे पिंपरीला निर्वासितांची छावणी बसली होती आणि औषधाचा नवा कारखाना उभा राहिला होता. कारखान्याच्या भोंग्यावर गावातल्या चुली पेटायला लागल्या होत्या. कोकणातून, मराठवाड्यातून माणसं कामाला यायची आणि गावातल्या शेतकऱ्यांनी गोठ्याशेजारी काढलेल्या खोल्यांतून बिऱ्हाड करायची.

दवाखाना दोन खोल्यांचा, कौलारू. डॉक्टर पुण्याहून एक दिवसाआड यायचे. बाकी सगळा कारभार माझा. एकेक गिऱ्हाईक असं यायचं की विचारू नका. रावेतचा एक शेतकरी बैलाचा खांदा सुजला म्हणून बैलच दारात घेऊन आला. ‘मानसाला लावता त्येच लावा की, बाई,’ म्हणाला. लावलं. बैल बरा झाला. त्यानंतर तो माणूस स्वतःच्या दुखण्याला कधी फिरकला नाही, बैलाला मात्र दर वर्षी घेऊन यायचा. सांगवीच्या एका आजोबांना लालच औषध लागायचं. पांढऱ्या औषधात दम नसतो, असं त्यांचं ठाम मत.

लोकांना वाटतं नर्स म्हणजे सुई टोचणारी बाई. सुई हा या कामाचा शेंडा झाला. बुंधा म्हणजे धुणं, पुसणं, उकळणं, रोग्याची कूस बदलणं आणि त्याला झाली की नाही हे रोज न लाजता विचारणं. मूत बघितलं की अंगात काय चाललंय ते निम्मं कळतं. ते बघायला शिकायला मला वेळ लागला, पण एकदा शिकले ती शिकलेच. अजून नातवंडांच्या मागे असते. ती वैतागतात. वैतागू देत.

एक दिवस ठकूबाई दवाखान्यात आली. ठकूबाई गावातल्या जुन्या शेतकरी घरातली विधवा, भाड्याच्या खोल्यांची मालकीण. आवाज असा की तिच्या हाकेनं वेशीवरची म्हैस मागं वळायची.

‘बाई, माज्या खोलीत कोकणातलं एक बिऱ्हाड हाय. मान्सं ग्वाड हायती, पर पोरगं रोज मुततंय. सात वर्साचं घोडं! दोरीवर बगावं तवा गोधड्या. बाकीची बिऱ्हाडं माज्या नावानं खडं फोडत्यात. तुमी काय औषिद असंल तर द्या, न्हाईतर मी खोली रिकामी करून घेते.’

मला वाटलं, अंथरूण ओलं करणारं नेहमीचं पोर असेल. अशी पोरं पुष्कळ बघितली होती. आयांना समजवायचं, पोराला मारू नका म्हणायचं, की मिटलं काम. संध्याकाळी गेले.

खोलीत अंधार होता आणि तो वास. मुताचा वास सगळ्यांना माहीत असतो, पण हा वेगळा होता, आटलेला, डोळ्यांत झोंबणारा. कोपऱ्यात पोत्यावर एक पोरगं पडलेलं होतं. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले, हात छातीशी आखडलेले, मान एका बाजूला ओढलेली. आणि त्या सगळ्या वेड्यावाकड्या पसाऱ्यात दोन डोळे, लख्ख जागे. मी दारातून आत येऊन बसेपर्यंत ते डोळे माझ्यावरून हलले नाहीत.

त्याचं नाव जनू. आई द्वारका, वय असेल पंचविशीचं, पण चाळिशीची दिसायची. बाप धर्मा, औषधाच्या कारखान्यात पेट्या उचलायचा. गाव कुलाबा जिल्ह्यात, खोपोलीच्या खाली. द्वारका बाळंतपणात अडली होती. पोरगं निळं जन्मलं, किती वेळ रडलंच नाही. पुढे मान धरेना, बसेना, बोलेना. आता त्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. मेंदूला जन्मताना इजा होते आणि हातापायांच्या स्नायूंना मिळणारे हुकूम बिघडतात. तेव्हा गावात म्हणायचे, अंगावरनं वारं गेलंय. म्हणणारे म्हणायचे आणि उठून जायचे, पोर आईच्या मांडीवर राहायचं.

मी त्याचे ओठ बघितले. भेगा पडलेल्या. पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहिली. अंग कढत. फडकं बघितलं तर त्यावरचा डाग कोऱ्या चहासारखा.

‘अगं, पाणी किती देतेस याला?’

द्वारका खाली बघून म्हणाली, ‘सकाळी फुलपात्रभर देतंय. मंग नाय. दिवसा दिलं की भिजवतो, बाई. मालकीन बोलते.’

माझं डोकं फिरलं. मी तिला तिथंच फाडफाड बोलले. म्हटलं, रोप वाळतंय आणि तू म्हणतेस चिखल नको! ती पदर तोंडाला लावून रडायला लागली आणि मला माझीच लाज वाटली. त्या बाईनं पाणी तोडलं होतं ते निष्ठुरपणानं नव्हे. घर टिकावं, घर टिकलं तर पोर टिकेल, एवढाच तिचा हिशोब. सगळ्या अंगणानं मिळून तो तिच्याकडून करून घेतला होता.

तेवढ्यात धर्मा कामावरून आला. हडकुळा, शांत माणूस. मला बघून बाहेरच चपला काढून उभा राहिला. त्यानं काय ते एका दमात सांगितलं.

‘बाई, खोली सुटली तर दुसरी कोन देनार आमाला, अशा पोरासकट? खोली नाय तर नोकरी नाय. आमी ठरवलंय. गणपतीला गावी जाऊ तवा याला आयशीकडं ठेवून येऊ. पडवीत गुरांच्या बाजूला जागा हाय.’

‘आन् भरवनार कोन त्याला?’ द्वारका एकदम म्हणाली. ‘सासूला दिसत नाय. घास कुटं, तोंड कुटं. पंधरा दिस जगायचा नाय तो तिकडं.’

धर्मालाही ते माहीत होतं. मी पाहुणी, पण माझी जीभ कधी माझ्या ताब्यात नव्हती. म्हटलं, ‘धर्मा, गणपतीला अजून काही महिने आहेत. तोवर हा कोरडा राहायला लागला तर?’

त्यानं पोराकडे बघितलं. ‘कोरडा राहिला तर काय, बाई. मंग परत आनू. मला काय हौस हाय का?’

ठरलं. जनूनं आईजवळ राहायचं की गुरांजवळ मरायचं, हे त्याच्या गोधडीवर ठरणार होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारलं. ते भले गृहस्थ होते. पाय मोकळे सोडून टेबलाशी बसले आणि कागदावर चित्र काढून दाखवलं. म्हणाले, ‘मूत्राशय म्हणजे पखाल समजा, पाण्याची कातडी पिशवी. भरली की पखाल आवळायची आणि तोंड सैल सोडायचं, एवढंच काम. या मुलांचं होतं काय, पखाल आवळते तेव्हाच तोंडही आवळतं. कधी थोडं गळतं, कधी आत तुंबून राहतं. तुंबलं की सडतं, मग ताप. त्याला भरपूर पाणी द्या, पोट साफ ठेवा आणि आडवं मुतवू नका. बसवा.’ बरं होईल का, विचारलं तर मान हलवली. ‘हातपाय नाही बरे होणार. बाकी बघा, बाई, तुमच्या हातात आहे तेवढं.’

माझ्या हातात होतं ते सांगते, कारण आजही अशी मुलं घरोघर आहेत आणि त्यांच्या आयांना कुणी सांगत नाही. पाणी दिवसभर द्यायचं, चमच्यानं, हनुवटी खाली धरून. मान मागे टाकून पाजलं तर ठसका लागतो आणि छातीत जातं. सदरा घालताना जास्त आखडलेला हात आधी घालायचा, काढताना शेवटी काढायचा. पाय ओढून सोडवायचे नाहीत, गुडघ्यात हळूच दुमडले की आपोआप सैल होतात. पिकलं केळं, तूप, लागलं तर एरंडेल. पोट कडक राहिलं की पखालीवर दाब येतो. आणि उठल्यावर, जेवल्यावर, झोपण्याआधी बसवायचं. तळवे टेकलेले हवेत, अंग थोडं पुढे झुकलेलं हवं, मांड्यांवर कोमट पाणी सोडायचं आणि वाट बघायची. ओरडायचं नाही. भीती वाटली की तोंड आणखी आवळतं.

बसवायचं म्हटलं तर बसवणार कशावर? मोरीत उकिडवं बसणं त्याला जन्मात जमणार नव्हतं. मग धर्मानं कारखान्यातून मोडक्या खोक्यांची फळकुटं मागून आणली आणि गावातल्या सुताराकडून मी खुर्ची करून घेतली. मध्ये भोक, खाली पत्र्याचा डबा, पायांना फळी, छातीला बांधायला द्वारकेच्या जुन्या लुगड्याचा पट्टा. सुतारानं आयुष्यात तसली वस्तू केली नव्हती. ‘बाई, ही खुर्ची हाय का पाळणा?’ म्हणाला. म्हटलं, सिंहासन आहे, नीट रंधा मार, काटा लागता कामा नये.

पहिले कितीतरी दिवस सिंहासनावर काही झालं नाही. बसवलं की कोरडा, उतरवला की ओला. द्वारका रडकुंडीला यायची. ठकूबाई दाराशी उभी राहून म्हणायची, ‘बाई, ह्ये काय जमायचं न्हाई. येडं हाय त्ये. त्याला काय समजतंय?’

मीही मनातून खचले होते. एक दिवस दुपारी मी त्याच्या पाठीला तेल लावत होते. जनूनं टाळूला जीभ लावून आवाज काढला, ‘टॉक्.’ बैल हाकताना काढतात तसा. मग श्वास धरून तो एकदम स्तब्ध झाला, डोळे माझ्या तोंडावर रोखलेले. परत ‘टॉक्.’ आणि मग माझी मांडी भिजली.

‘द्वारके, हा आवाज हा नेहमी काढतो का गं?’

‘व्हय की. लहानपनापासून. उगं खेळतो, बाई.’

‘अगं बये, खेळत नाही. हा सांगतोय!’

मी म्हटलं, पुढच्या वेळेला टॉक् केलं की हातातलं काम टाक आणि उचल. त्याच संध्याकाळी तिनं उचललं, बसवलं, पट्टा बांधला, कोमट पाणी सोडलं. डब्यात धार वाजली. जनू हसला. तोंड वाकडं करून, लाळ गाळत, सगळ्या अंगानं हसला. आणि द्वारका त्या खुर्चीपुढे जमिनीवर बसून कपाळ बडवून घेत म्हणाली, ‘सगळा जल्म सांगत व्हता गो माझा बाबा. मी बैल हाकतोय म्हनत व्हते.’

त्यानंतर चमत्कार वगैरे झाला नाही. चुकायचं, भिजायचं, पुन्हा जमायचं. पण पाणी मिळायला लागलं तसे ताप थांबले. ओठ ओले झाले. आणि पोराला एक अभिमान आला. अपघात झाला की चेहरा पाडून बसायचा, डब्यात वाजलं की सगळ्यांकडे बघायचा. ठकूबाईच्या अंगणात दोरीवरची गोधडी आधी एक दिवसाआड दिसायला लागली, मग क्वचित. आषाढात ठकूबाई मला रस्त्यात गाठून म्हणाली, ‘बाई, त्ये पोरगं मला बी टाक् करतंय हो. परवा द्वारकी पान्याला गेलती, मीच बसिवला.’ आणि लाजली. ठकूबाईला लाजताना मी तेवढं एकदाच बघितलं.

गणपती जवळ आले. कोकणी माणूस गणपतीला गावी गेला नाही तर त्याला घास गिळत नाही. धर्माची रजा मंजूर झाली. मी सांगितलं, खुर्ची बरोबर न्या. तर धर्मा संकोचला. ‘येष्टीत ही खुर्ची कुटं, बाई? लोक हसतील.’ द्वारका म्हणाली, ‘मी हाय ना. मांडीवर धरून बसवीन. दोन टायमाला नाय, दहा टायमाला बसवीन.’ तिचा चेहरा असा फुललेला होता की मी पुढे बोलले नाही. पोर कोरडं होतं, ते परत येणार होतं. जनूला नवा सदरा घातला होता.

पुढचं मला द्वारकेनं सांगितलं, नंतर, तुकड्या-तुकड्यानं.

गणपती घरात बसले आणि दुसऱ्याच दिवशी द्वारका बाजूला बसली. बायकांना कळेल. घरात देव असताना कावळा शिवला म्हणजे तिची सावलीसुद्धा नको. तिला बाहेर पडवीत बसवलं, गुरांच्या कडेला. तिथंच, जिथं जनूला ठेवायचं चाललं होतं. ताट लांबून सरकवायचे. पोराला शिवायचं नाही, कारण पोर आत, देवासमोरच्या ओटीवर.

आत सासू, जाऊ, सगळं गोकुळ. जनूला एका कोपऱ्यात गोधडीवर निजवलेलं. सासूनं पाणी बंद केलं. ‘देव घरात हाय, सोवळ्यात मूत नको,’ एवढंच म्हणाली. वाईट बाई नव्हती ती. तिच्या परीनं देवाची मर्यादा राखत होती. तिला काय माहीत?

जनूनं आवाज केला. ‘टॉक्.’

द्वारका पडवीतून ओरडली, ‘त्याला बसवा! त्याला लागलीय!’ जाऊ हसली. ‘बैल हाकतोय गो तो तुझा!’ आणि बाहेरच्या पोरांनीही टाळूला जिभा लावून टॉक् टॉक् केलं. आरती सुरू झाली, झांजा वाजायला लागल्या. धर्मा आरतीत. पोराला बसवणं हे बायकांचं काम. त्यानं कधी बसवलं नव्हतं, आणि मागल्या दारी बायकोनं काय हाका मारल्या ते झांजांत कुणाला ऐकू आलं नाही.

जनूनं गोधडी भिजवली नाही. आधीसारखं सोडून दिलं असतं तर सुटला असता. पण आता तो शिकला होता. खुर्चीवर बसवल्याशिवाय करायचं नाही. त्यानं धरलं. आणि धरता धरता डॉक्टरांनी सांगितलं तेच झालं, पखालीचं तोंड आवळलं ते आवळलंच. मग त्याला सोडायचं म्हटलं तरी सुटेना.

सकाळी सासूनं गोधडीखाली हात घालून बघितला. ठणठणीत कोरडी. तिनं धर्माला हाक मारली, ‘अरे, बाप्पा पावला! पोर कोरडा राह्यला!’ सगळं घर जमा झालं. जो तो येऊन गोधडीला हात लावून गेला. धर्मानं गणपतीपुढे नारळ फोडला. पडवीच्या दाराशी येऊन, लांबूनच, बायकोला म्हणाला, ‘द्वारके, याला परत नेऊ. आता मालकीन काय बोलायची नाय.’ त्याचे डोळे भरले होते.

द्वारकेनं विचारलं, ‘पन त्याला झाली का?’

‘कोरडा हाय म्हनतंय ना!’

‘अवो, झाली का पन?’

त्या भरल्या घरात कुणाला तो प्रश्नच कळला नव्हता. प्रसाद वाटला गेला. आतून टॉक् टॉक् ऐकू येत राहिलं, दिवसभर, मग घाईघाईनं, मग चिरका होऊन. आणि मग थांबलं.

ते थांबलं तेव्हा द्वारका उठली. पडवीतून सरळ ओटीवर गेली, गणपतीसमोरून, तशीच, विटाळाची. सासू किंचाळली, ‘देव बाटवला गो!’ जावेनं दंड धरला तर झटकून टाकला. पोराच्या पोटाला हात लावला. बेंबीपर्यंत फुगून दगड झालेलं. अंग भट्टी. तिनं धर्माचा हात ओढून त्या पोटावर ठेवला. धर्मानं एक क्षण तिच्याकडे बघितलं, एक क्षण देवाकडे. मग पोराला उचललं आणि खालच्या वाटेला लागला. तालुक्याच्या रस्त्यावर ओढ्याला पूर होता. द्वारका म्हणाली, चिंचवडच्या बाईकडं चला. म्हणून रातोरात चालत खोपोली, आणि तिथून येष्टीनं घाट चढून.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना दवाखान्याच्या दारात आले. डॉक्टरांचा दिवस होता, एवढंच नशीब. मी जनूला हातांत घेतलं. त्यानं डोळे उघडले, मला ओळखलं, आणि फुटलेल्या ओठांनी जीभ टाळूला लावली. आवाज आला नाही, नुसती जीभ हलली.

‘वाटभर करतोय,’ द्वारका म्हणाली.

ठकूबाईला कुठून कळलं कोण जाणे. ती खुर्ची डोक्यावर घेऊन धावत आली, धापा टाकत. ‘बसवा त्याला, बाई, बसवा. त्याला तिथंच व्हतीया!’ आम्ही बसवलं. पट्टा बांधला, कोमट पाणी सोडलं. आम्ही तिघी बायका त्या डब्याकडे कान लावून उभ्या. काही वाजलं नाही.

मग मी रबरी नळी उकळली. नळी घालणं हे हलक्या हाताचं काम. जोर करायचा नाही, तोंड आवळलेलं असेल तर थांबायचं, पोर श्वास सोडतं तेव्हा एक बोटभर सरकवायचं. माझा हात चांगला होता, डॉक्टर ते काम मलाच सांगायचे. नळी गेली. आधी गढूळ आलं, मग रक्तासकट. थाळी भरली, दुसरी भरली. पोट खाली बसलं आणि जनूनं मोठा श्वास सोडला. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, धर्मा ज्या पेट्या उचलायचा त्यातलंच असेल. पण डॉक्टर बाहेर येऊन मला हळूच म्हणाले, ‘विष अंगात भिनलंय, बाई. उद्या सकाळी पुण्याला न्यायला गाडी सांगितली आहे. पण...’ तो पण मला कळला.

लोक मला विचारतात. म्हणजे जवळची माणसं, ज्यांना हे सांगितलं ती. बाई, तुम्ही शिकवलं नसतंत तर तो मुतला असता आणि जगला असता, असं नाही वाटत? नाही वाटत. स्पष्ट सांगते. पोत्यावर कोरड्या ओठांनी पडलेलं सडणं याला जगणं म्हणत असाल तर खुशाल म्हणा. मी त्याला काही नवं शिकवलं नव्हतं. तो सांगत होताच, मी फक्त एका माणसाला ऐकायला शिकवलं. ते एक माणूस त्याच्यापासून चार हातांवर बसवून ठेवलं होतं, दार सताड उघडं असताना. राग येतो तो त्याचा. अजून येतो. गणपतीच्या आरतीला मी उभी राहते, पण झांजा वाजायला लागल्या की स्वयंपाकघरात निघून जाते. सुना म्हणतात, आईंना आवाज सहन होत नाही. खरं आहे, होत नाही.

नंतर ती खुर्ची द्वारकेनं दवाखान्याला दिली. तिच्यावर पुढे पुष्कळ पोरं बसली, छावणीतली, पार चाकणकडचीसुद्धा. प्रत्येक आईला मी आधी एकच विचारायची: ‘तो कसा सांगतो?’ आई म्हणायची, त्याला कुठलं सांगता येतंय. मग मी तिथंच बसून राहायची. प्रत्येक पोर सांगत होतं. कुणी डोळे मिटून, कुणी हुंकारून, एक पोरगी आईची वेणी धरून.

त्या रात्रीनंतर, सकाळी उजाडल्यावर द्वारका दवाखान्याच्या ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती, जनू मांडीवर. धर्मा गाडीची वाट बघत रस्त्यावर उभा होता. मी चहा घेऊन आले. एवढ्यात द्वारकेनं खाली बघितलं. तिच्या लुगड्यावर ओल पसरत होती, मांडीवरून खाली फरशीवर. तिचा चेहरा असा उजळला की मी तो जन्मात विसरणार नाही.

‘बाई, झाली! झाली त्याला! आपली आपन झाली! अवो, हिकडं या, झाली त्याला!’

धर्मा रस्त्यावरून पळत आला. मी चहा खाली ठेवला आणि जनूच्या नाकाशी हात नेला. द्वारकेनं माझ्या हाताकडे बघितलं, मग त्याच्या तोंडाकडे. हसू तिच्या चेहऱ्यावर तसंच राहिलं, जायचं कुठं हे त्याला कळत नव्हतं. तिनं पदरानं त्याच्या मांड्या पुसल्या, नीट, आधी एक, मग दुसरी.

‘पन बाई,’ ती म्हणाली, ‘या टायमाला यानं सांगितलं कसं नाय?’